रचना सिद्ध झाली तरी हेतू सिद्ध होत नाही

प्रश्न : माझा थोरला भाऊ आणि मी यांच्यात गेली काही वर्षे एकच वाद चालू आहे. दादाचे म्हणणे असे की, डोळ्यासारखा अवयव आणि जीवसृष्टीला नेमके अनुकूल ठरलेले निसर्गनियम आपोआप घडणे शक्य नाही. विश्वामागे रचनाकार आहे आणि म्हणून विश्वाला हेतूही आहे. माझे म्हणणे असे की, विज्ञानाने हे सगळे केव्हाच निकालात काढले आहे. आता आमच्या अभ्यासमंडळाने याच विषयावर आम्हा दोघांचा वादविवाद ठेवला आहे. दादाला निरुत्तर करील असा एखादा बिनतोड मुद्दा सांगाल का? आणखी एक गोष्ट लिहावी की नाही, असा विचार करीत होतो. ज्या दिवशी वाद जिंकल्यासारखा वाटतो, त्या रात्री मला झोप लागत नाही. दादा चुकीचा असेल, तर आपण जे काही करतो त्याला काही अर्थच उरत नाही, असे वाटत राहते.

उत्तर : शेवटची गोष्ट तुम्ही लिहिलीत हे फार चांगले केलेत. ती नसती तर मी चार युक्तिवाद लिहून मोकळा झालो असतो आणि तुमची खरी अडचण तशीच राहिली असती. आधी स्पष्टच सांगतो : बिनतोड मुद्दा ना तुमच्याकडे आहे, ना दादांकडे. तुमच्या बाजूने जे खरोखर सिद्ध झाले आहे ते तुम्ही समजता त्यापेक्षा थोडे आहे, आणि दादांना जे सिद्ध करायचे आहे ते त्यांच्या पुराव्यातून निघत नाही. शिवाय तुम्ही दोघेही एक गोष्ट न तपासता धरून चालला आहात, ती अशी की रचना आणि हेतू एकमेकांना बांधलेले आहेत, एक सिद्ध झाली की दुसरा आपोआप सिद्ध होतो आणि एक कोसळली की दुसराही कोसळतो. दादांचा आत्मविश्वास आणि तुमचे जागरण ही दोन्ही याच एका गृहीतातून आली आहेत, असे मला वाटते. म्हणून आधी पुराव्याकडे पाहू आणि मग त्या गृहीताकडे वळू.

डोळ्यापासून सुरुवात करतो, कारण तेथे निकाल बऱ्याच अंशी लागलेला आहे. इंग्रज धर्मोपदेशक विल्यम पॅले यांनी १८०२ साली मांडलेला दाखला दादा बहुधा देतील : माळरानावर घड्याळ सापडले तर त्याची चाके आणि कमानी पाहून आपण घड्याळजी मानतो, मग डोळ्याची घडण पाहून डोळ्याचा कर्ता का मानू नये? त्या काळी हा युक्तिवाद मुळीच कच्चा नव्हता. अवयवांची उपयुक्तता डोळ्यांसमोर होती, आणि ती केवळ यदृच्छेने आली असे म्हणणे कुणालाही पटण्यासारखे नव्हते. तरुण डार्विन यांनी केंब्रिजमध्ये पॅले यांचे लेखन वाचले होते आणि ते त्यांना पटलेही होते. १८५९ साली त्यांनी स्वतः जे मांडले, त्यामुळे पॅले यांचा प्रश्न खोटा ठरला नाही. त्या प्रश्नाला एक तिसरे उत्तर मिळाले. तोवर योगायोग किंवा योजना एवढेच दोन पर्याय आहेत असे वाटत होते. पिढ्यान्‌पिढ्या होणारे लहान लहान फरक आणि त्यांतून होणारी नैसर्गिक निवड यांना निव्वळ योगायोग म्हणता येत नाही आणि कुणाची योजनाही म्हणता येत नाही.

अर्धा डोळा काय कामाचा, असा प्रश्न या टप्प्यावर हमखास येतो, आणि त्याचे उत्तर जिवंत प्राण्यांतच सापडते. काही चपट्या कृमींचा डोळा म्हणजे प्रकाश कोणत्या दिशेने येतो एवढेच सांगणारा खोलगट वाटीसारखा खळगा असतो. नॉटिलस या सागरी प्राण्याच्या डोळ्याला भिंग नाही, नुसते बारीक छिद्र आहे. हे प्राणी आपल्या मते अपुऱ्या असलेल्या डोळ्यांवर आजही व्यवस्थित जगत आहेत. डॅन-एरिक निल्सन आणि सुझान पेल्गर यांनी १९९४ साली, मुद्दाम प्रतिकूल गृहीते धरून, एक हिशेब मांडला. प्रकाश ओळखणाऱ्या पेशींच्या सपाट थरापासून भिंगाच्या डोळ्यापर्यंत पोहोचायला ४ लाखांहून कमी पिढ्या पुरतात, असे त्यातून निघाले. भूगर्भशास्त्राच्या काळात हा अवधी अगदी किरकोळ आहे. जिवाणूंच्या शेपटीचा, म्हणजे फ्लॅजेलमचा, दाखलाही दादा कदाचित देतील की त्याचा एक भाग काढला तर सगळेच बंद पडते. त्या शेपटीतल्या अनेक प्रथिनांशी नाते असलेली प्रथिने काही जिवाणूंमध्ये दुसऱ्या पेशींत द्रव्य टोचण्याचे अगदी वेगळे काम करतात, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. त्यावर सभेचा वेळ फार घालवू नका.

त्यापेक्षा एक छोटा प्रयोग वादविवादाआधी दादांच्या सोबत बसून करा. कोऱ्या कागदावर एक फुली काढा आणि तिच्या उजवीकडे सुमारे ८ सेंटिमीटरवर एक ठसठशीत ठिपका काढा. डावा डोळा झाकून उजव्या डोळ्याने फुलीवर नजर स्थिर ठेवा आणि कागद लांबून सावकाश जवळ आणा. साधारण ३० सेंटिमीटरच्या आसपास ठिपका साफ नाहीसा होतो आणि कागद आणखी जवळ आणला की पुन्हा दिसू लागतो. आपल्या डोळ्यात मज्जातंतू हे प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या पुढच्या बाजूला, म्हणजे प्रकाशाच्या वाटेतच, पसरलेले असतात; ते एकत्र येऊन जेथून मागे मेंदूकडे जातात, तेथे पाहणाऱ्या पेशीच नसतात. ऑक्टोपसच्या डोळ्यात हे तंतू मागच्या बाजूनेच निघतात, त्यामुळे त्याला असा अंधबिंदू नाही.

मात्र यावरून काय म्हणायचे याबाबत एक पथ्य पाळा. 'इतकी वाईट रचना कोण करील?' असे विचारून टाळ्या मिळवण्याचा मोह होईल, पण तो मुद्दा कमजोर आहे. रचनाकाराची आणखी काही कारणे असतील, असे दादा सहज म्हणू शकतील आणि तुम्हाला ते खोडून काढता येणार नाही. खरी ताकद वेगळ्या जागी आहे. हा अंधबिंदू माणसात, माशात, बेडकात आणि गरुडात, म्हणजे पाठीचा कणा असलेल्या सर्वच डोळस प्राण्यांत, आहे आणि ज्यांची वंशशाखा फार पूर्वी वेगळी झाली त्या ऑक्टोपसमध्ये नाही. दोष आणि गुण यांची वाटणी गरजेप्रमाणे झालेली नाही, ती वंशावळीप्रमाणे झाली आहे. जिराफाच्या स्वरयंत्राकडे जाणारी एक नस मेंदूकडून निघते, मान उतरून छातीत जाते, हृदयाजवळच्या महाधमनीला वळसा घालून पुन्हा वर येते आणि काही इंचांच्या अंतरासाठी कित्येक मीटरचा प्रवास करते. तीच नस आपल्यातही असाच उलटा फेरा मारते, आणि माशांच्या शरीराशी ताडून पाहिले की या वळशाचे कारण उलगडते : माशांना मान नसते, तेथे ही वाट सरळच असते; पुढे मान लांबत गेली तशी नस धमनीत अडकून ताणली गेली. इतिहासाची ही खूण कोणत्याही एकाच वेळी आखलेल्या योजनेपेक्षा सावकाश घडलेल्या बदलांशी अधिक चांगली जुळते. सजीवांच्या अवयवांवरून रचनाकार सिद्ध करण्याचा मार्ग माझ्या मते येथे बंद झाला आहे.

आता तुमची चूक सांगतो. एक मार्ग बंद झाला म्हणजे गाव नाही असे सिद्ध होत नाही. उत्क्रांतीने रचनाकाराची एका ठिकाणची गरज संपवली. रचनाकार नाही, हे तिने दाखवलेले नाही आणि तसा तिचा दावाही नाही. डार्विन यांचे खंदे समर्थक असलेले अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे हे श्रद्धावान ख्रिस्ती होते. त्यांना १८६० साली लिहिलेल्या पत्रात डार्विन यांनी म्हटले आहे की, जिवंत सुरवंटांच्या शरीरात राहून त्यांना आतून खाणाऱ्या माश्या एखाद्या दयाळू ईश्वराने हेतुपूर्वक निर्माण केल्या असतील, हे आपल्याला पटत नाही. पण हे अद्भुत विश्व केवळ आंधळ्या शक्तीचे फळ आहे, यावरही आपले समाधान होत नाही. कदाचित नियम आखलेले असावेत आणि तपशील योगायोगावर सोडलेला असावा, असे त्यांना त्या वेळी वाटत होते. या विषयावर इतका विचार केलेल्या माणसाची ही प्रांजळ अनिश्चितता तुम्ही सभेत सांगितलीत, तर तुमची बाजू लंगडी पडणार नाही. 'विज्ञानाने केव्हाच निकालात काढले आहे' हे वाक्य मात्र टाकून द्या. दादांना ते खोडून काढायला दोन मिनिटेही लागणार नाहीत.

कारण दादांचा बळकट मुद्दा डोळ्यात नाही, नियमांत आहे. आपल्या शरीरातला कार्बन ताऱ्यांच्या पोटात तयार झाला. हेलियमची दोन अणुकेंद्रे एकत्र आली की बेरिलियमचे एक अस्थिर केंद्र बनते आणि ते सेकंदाच्या एक अब्जांशाच्याही दहा लाखाव्या भागाहून कमी काळात फुटते. तेवढ्यात तिसरे हेलियम येऊन धडकले तरच कार्बन बनणार, आणि साध्या हिशेबाने असे इतक्या क्वचित घडायला हवे की विश्वात आज दिसतो तेवढा कार्बन असूच नये. १९५३ साली खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी उलटा विचार केला. कार्बन तर आहे. मग कार्बनच्या केंद्राची एक विशिष्ट ऊर्जापातळी अशी असलीच पाहिजे की जिच्यामुळे हा संयोग सुलभ होतो. विल्यम फाउलर यांच्या प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांनी शोध घेतला आणि ती पातळी अपेक्षित जागी, सुमारे ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टवर, सापडली. हॉइल धार्मिक नव्हते, तरीही पुढे त्यांनी असे म्हटले की, कुणा महाबुद्धीने भौतिकशास्त्रात हात घातला असावा असेच हे सगळे दिसते.

असे दाखले आणखी आहेत. न्यूट्रॉन हा प्रोटॉनपेक्षा सुमारे ०.१४ टक्क्याने जड आहे. हा फरक उलटा असता, तर साधा हायड्रोजन टिकला नसता, आणि हायड्रोजन नाही म्हणजे पाणी नाही आणि अब्जावधी वर्षे शांतपणे जळणारे तारेही नाहीत. रिकाम्या अवकाशाच्या ऊर्जेचा जो ढोबळ सैद्धांतिक अंदाज निघतो, तो प्रत्यक्ष मोजलेल्या मूल्याच्या १ वर सुमारे १२० शून्ये इतक्या पटीने मोठा आहे. ही ऊर्जा फार मोठी असती तर दीर्घिका बनल्याच नसत्या, असे स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९८७ साली दाखवून दिले, आणि १९९८ साली विश्वाचे प्रसरण वेगावत असल्याचे आढळले तेव्हा जे मूल्य हाती आले ते त्यांच्या मर्यादेच्या आतले निघाले. निसर्गातली मूल्ये जीवसृष्टीला अशी नेमकी जुळलेली असणे याला फाइन ट्यूनिंग म्हणतात. येथे नैसर्गिक निवडीचे उत्तर चालत नाही, कारण निवड व्हायला सजीव लागतात आणि सजीव असायला हे नियम आधी लागतात. दादांनी हा मुद्दा मांडला तर त्याला बगल देऊ नका. तो खरा प्रश्न आहे, आणि निरीश्वरवादी भौतिकशास्त्रज्ञही त्यावर गांभीर्याने विचार करतात.

'विश्व अनुकूल नसते तर हा प्रश्न विचारायला आपण नसतोच' असे एक उत्तर तयार असते. ब्रँडन कार्टर यांनी १९७३ साली या विचाराला नेमके रूप दिले, पण एकट्याने तो पुरत नाही. तत्त्वज्ञ जॉन लेस्ली यांनी त्यावर एक प्रसंग कल्पिला आहे : गोळीबाराच्या शिक्षेसाठी पन्नास नेमबाज तुमच्यावर बंदुका रोखतात आणि सगळ्यांचेच नेम चुकतात. नेम चुकले नसते तर आपण हा विचार करायला उरलोच नसतो, हे खरे. पण म्हणून सगळ्यांचे नेम का चुकले हा प्रश्न मिटत नाही. कार्टर यांच्या विचाराला जोड लागते ती अनेक विश्वांची. नाना मूल्यांची असंख्य विश्वे असतील, तर त्यांतल्या एखाद्या अनुकूल विश्वात आपण सापडणे स्वाभाविकच आहे. विश्वाच्या सुरुवातीच्या अतिवेगवान प्रसरणाच्या काही सिद्धांतांतून अशी विश्वे निघतात हे खरे. तथापि त्यांतले दुसरे एकही विश्व आजवर कुणी पाहिलेले नाही. तुम्ही दादांना 'न दिसणारा रचनाकार मानता' म्हणून हिणवलेत आणि पुढच्याच वाक्यात न दिसणारी असंख्य विश्वे मांडलीत, तर तुम्हीच तोंडघशी पडाल.

मग मला या प्रश्नाबाबत काय वाटते? मला खगोलशास्त्रज्ञ केप्लर यांची गोष्ट येथे फार मोलाची वाटते. १५९६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी विचारले की, ग्रह सहाच का आणि त्यांची अंतरे हीच का? सम घनाकृती, म्हणजे सगळ्या बाजू सारख्या असलेल्या घनासारख्या आकृती, पाचच असतात. त्या एकात एक बसवल्या की मधल्या सहा गोलांची अंतरे ग्रहांच्या अंतरांशी जवळजवळ जुळतात, आणि यातच त्यांना विश्वकर्त्याचा आराखडा दिसला. त्यांची बुद्धी अलौकिक होती आणि आकडेही बऱ्यापैकी जुळत होते, तरी प्रश्नच चुकीचा निघाला. १७८१ साली युरेनस सापडला, आणि १९९५ नंतर इतर ताऱ्यांभोवती जे हजारो ग्रह सापडले, त्यांची अंतरे नाना तऱ्हांची आहेत. पृथ्वी सूर्यापासून इतक्या सोयीच्या अंतरावर का, याचे आजचे उत्तर एवढेच आहे की ग्रह पुष्कळ आहेत आणि आपण जगण्याजोग्यावर आहोत. आजचे स्थिरांक, म्हणजे निसर्गनियमांतली न बदलणारी मूल्ये, हीही अशीच असतील की त्यांच्यामागे एखादा खोल नियम निघेल, हे आज सांगता येत नाही. कार्बनचेच पाहा. २००० साली प्रसिद्ध झालेल्या गणितांप्रमाणे अणुकेंद्रातील बलात अर्ध्या टक्क्याचा फरकही ताऱ्यांतला जवळजवळ सगळा कार्बन किंवा सगळा ऑक्सिजन नाहीसा करायला पुरेसा होता, पण नंतरच्या काही अभ्यासांत ही मर्यादा बरीच सैल निघाली. शिवाय एखादे मूल्य 'असंभाव्य' म्हणायचे तर ते किती मूल्यांतून आणि कोणत्या रीतीने निवडले गेले हे माहीत हवे, आणि आपल्यापुढे विश्व एकच आहे. म्हणून माझा निर्णय असा की, निसर्गनियमांच्या पातळीवर एक खरे कोडे शिल्लक आहे, रचनाकार हे त्याचे एक शक्य उत्तर आहे, आणि आजच्या पुराव्यावर ते उत्तर ना सिद्ध होते ना बाद होते.

तरीही घटकाभर समजू की दादा येथे जिंकले. त्यांच्या हाती काय लागले? न्यायदर्शनाच्या अनुयायांचे, म्हणजे नैयायिकांचे, जुने अनुमान आहे : पृथ्वी वगैरे गोष्टी कार्य आहेत, कार्याला कर्ता असतो, जसा घटाला कुंभार, म्हणून जगालाही कर्ता आहे. उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त या अनुमानाची बाजू मोठ्या ताकदीने मांडली. त्यावर सर्वांत मार्मिक आक्षेप घेणाऱ्यांत रामानुजाचार्य आहेत, ज्यांच्या ईश्वरनिष्ठेबद्दल कुणालाच शंका नाही. कुंभाराच्या दाखल्यावरून गेलात तर मोठी कामे अनेक जणांच्या हातून होताना दिसतात, मग जगाचा कर्ता एकच कशावरून? आणि दिसणाऱ्या प्रत्येक कर्त्याला तर शरीर असते. ईश्वर शास्त्रातून कळतो, अशा अनुमानातून नाही, असे त्यांचे मत होते. कित्येक शतकांनी डेव्हिड ह्यूम यांच्या, त्यांच्या मृत्यूनंतर १७७९ साली प्रसिद्ध झालेल्या, संवादग्रंथात जवळजवळ हाच आक्षेप भेटतो. कांट यांनी १७८१ साली लिहिले की, या युक्तिवादाचा आदर केलाच पाहिजे, पण तो फार तर हाताशी असलेल्या द्रव्याला आकार देणाऱ्या कारागिरापर्यंत नेतो, सर्वस्वी निर्मात्यापर्यंत नेत नाही. या आक्षेपांत नास्तिकपणाची अट कोठेच नाही, हे सभेत आवर्जून सांगा.

आणि हेतूचे काय? भौतिकशास्त्रज्ञ ली स्मोलिन यांनी १९९२ साली अशी कल्पना मांडली की, प्रत्येक कृष्णविवरातून नवे विश्व जन्मत असावे आणि त्याचे स्थिरांक किंचित बदलत असावेत. तसे असेल तर ज्या विश्वांत कृष्णविवरे भरपूर बनतात तीच विश्वे भरपूर होतील, आणि आपले विश्वही त्यांतलेच असेल. कल्पना सिद्ध झालेली नाही; पण तिच्या आधारे दादांना एक प्रश्न विचारा. नियम कुणीतरी जुळवले आहेत असे मानले, तरी ते आपल्यासाठी जुळवले आहेत हे कशावरून? कृष्णविवरे मोठे तारे कोसळून बनतात, आणि मोठे तारे बनायला जे लागते, त्यातले बरेचसे कार्बन बनायलाही लागते. त्या रचनाकाराला कृष्णविवरे हवी असतील आणि आपण वाटेत उडालेला धुरळा असू, तर रचना शंभर टक्के खरी आणि तरीही आपल्याला हेतू शून्य. १३८० कोटी वर्षांच्या विश्वात आपली मानवजात सुमारे ३ लाख वर्षांपासून आहे, यावरून हेतू नाही असे मी म्हणणार नाही, कारण विस्तार मोठा असणे हा काही पुरावा नव्हे. पण हेतू आहे असे तर त्यावरून मुळीच म्हणता येत नाही.

आपल्या परंपरेत या दोन गोष्टी फार पूर्वीच सुट्या करून पाहिलेल्या आहेत, आणि मला त्याचे खूप अप्रूप वाटते. सांख्यांच्या मते जगाला हेतू आहे पण योजणारा नाही. वासरासाठी गाईचे दूध जसे न जाणताच पाझरते, तशी अचेतन प्रकृती पुरुषासाठी, म्हणजे चेतन आत्म्यासाठी, प्रवृत्त होते. वेदान्तात नेमके उलट आहे. तेथे जगाचे कारण चेतन आहे, पण ज्याला काहीच मिळवायचे उरलेले नाही त्याला सृष्टी करण्यात प्रयोजन ते कोणते, असा आक्षेप ब्रह्मसूत्रांनी स्वतःच उभा केला आणि ही केवळ लीला आहे, असे उत्तर दिले. हेतू आहे पण कर्ता नाही, आणि कर्ता आहे पण त्याला प्रयोजन नाही, या दोन्ही भूमिका शतकानुशतके पूर्ण गांभीर्याने लढवल्या गेल्या. त्यांतला कोणताही पक्ष मान्य करा असे मी म्हणत नाही. या भूमिका मुळात सुसंगतपणे मांडता येतात एवढ्यानेच दादांचे 'म्हणून' आणि तुमची भीती हे दोन्ही सैल पडतात.

तुमच्या जागरणाबद्दल आता बोलतो. ज्यांनी ईश्वराची सृष्टी लीला मानली, त्यांनी माणसाने काय साधावे हा प्रश्न सोडून दिला नाही. उलट धर्म आणि मोक्ष यांचा विचार त्यांनी आयुष्यभर केला. निर्मात्याला प्रयोजन नसल्यामुळे माणसाच्या जगण्याचे प्रयोजन गेले, असे त्यांना वाटले नाही, कारण ते प्रयोजन त्यांनी तेथे टांगलेलेच नव्हते. तुम्हीही तपासून पाहा. आजारी माणसाची शुश्रूषा करताना ती कशासाठी करता, असे कुणी विचारले, तर त्याच्या वेदना कमी व्हाव्यात म्हणून, असे उत्तर तुम्ही द्याल आणि ते पूर्ण उत्तर आहे; न्यूट्रॉनचे वजन किती आहे यावर ते अवलंबून नाही. विश्वात हेतू मुळीच नाहीत, असे तर कुणालाच म्हणता येणार नाही. हृदय रक्त ढकलण्यासाठी आहे हे निवडीने घडलेले खरे कार्य आहे, आणि आई मुलासाठी जागते हा खराखुरा हेतू आहे. हेतू विश्वाच्या आरंभी लिहिलेले नसतील, ते विश्वात सजीवांबरोबर मागाहून आले असतील. उशिरा आलेली गोष्ट खोटी असते, असा काही नियम नाही. उलट वरून दिलेला हेतू मिळाला तरी तो चांगला आहे की नाही हे तुम्हाला स्वतःलाच ठरवावे लागेल, आणि ज्या कसोटीवर ते ठरवाल ती कसोटी त्या हेतूच्या आधीपासून तुमच्याजवळ असली पाहिजे. दादा हरले तर तुमचे काय जाते, या प्रश्नाचे माझे उत्तर असे की, एक सांत्वन जाते. ते सांत्वन लहान नाही आणि त्याबद्दल वाईट वाटणे अगदी रास्त आहे, पण अर्थ जात नाही. इतके समजूनही झोप लागत नसेल आणि हे विचार दिवसाही पाठ सोडत नसतील, तर एखाद्या डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी जरूर बोला. तत्त्वज्ञानाच्या वादात थकवा आणि खिन्नता पुष्कळदा ओळखू येत नाहीत.

वादविवादासंबंधी आता थोडक्यात सांगतो. मंडळाला विनंती करून विषयाचे दोन भाग करून घ्या : विश्वाच्या नियमांवरून रचनाकाराचे अनुमान करता येते का, आणि तसे करता आले तर त्यावरून माणसाच्या जगण्याचा हेतू कळतो का. पहिल्या भागात तुम्ही दोघेही एकमेकांना एकच प्रश्न विचारा, की काय दिसले असते तर तुमचे मत बदलले असते. सुव्यवस्था दिसली तरी रचनाकार आणि अव्यवस्था दिसली तरी त्याची अगम्य इच्छा, असे दादांचे उत्तर आले तर तो पुरावा उरत नाही, श्रद्धा उरते. तुमचे उत्तरही 'काहीही दिसले तरी नाही' असे असेल, तर तुम्हालाही तेच लागू आहे. दुसऱ्या भागात बहुतेक बोलणे तुमचे असू द्या, कारण तेथे तुमची बाजू खरोखर मजबूत आहे. फक्त तुम्हाला ही भीती वाटते हे दादांना सभेच्या आधी घरी सांगा, म्हणजे ते तुमच्या मुद्द्यांना उत्तर देतील, तुमच्या गर्वाला नाही. आणि स्मोलिन यांची कल्पना बहुविश्वाइतकीच अप्रत्यक्ष आहे, असे त्यांनी म्हटले तर लगेच मान्य करा. ते बरोबरच आहे, आणि तुमच्या मुद्द्याला ती कल्पना खरी असण्याची गरज नाही. ती शक्य आहे एवढेच पुरते.